दम्याची फेनो टेस्ट, एक वर्ष आणि सहा फुंकरी: गंगापूर रोडच्या चेस्ट क्लिनिकचा माझा अनुभव

आमची नाशिकला सिडकोत पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी टाकलेली, आता आमचे हे आणि मी मिळून चालवतो. सकाळी साडेआठला शटर वर जातं ते दुपारी दीडला खाली येतं, पुन्हा साडेचार ते नऊ. गहू, बाजरी, ज्वारी, नाचणी, बेसन, दिवाळीत भाजणी, उन्हाळ्यात पापडाचे उडीद. २२ वर्षं मी त्या धुळीत उभी आहे आणि त्यातली ९ वर्षं मला दमा आहे. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे.

गंगापूर रोडच्या ह्या चेस्ट क्लिनिकमध्ये मी मागच्या एप्रिलपासून जाते. आतापर्यंत सहा वेळा श्वासाची फेनो टेस्ट झाली. श्वासातला नायट्रिक ऑक्साइड वायू मोजून श्वासनळीत सूज किती, ह्याचा अंदाज देणारी ही टेस्ट; आकडा जास्त म्हणजे सहसा सूज जास्त. सहाही आकडे उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसकट लिहून ठेवले आहेत: ७२, ३१, १८, ४१, २१, २३. ह्या वर्षात माझं स्टिरॉइडचं औषध दोनदा कमी झालं आणि एकदाही वाढलं नाही. त्याआधीच्या वर्षात तीन वेळा वाढलं होतं.

आधीचं थोडक्यात सांगते. ह्याआधी मी ज्या दवाखान्यात जायचे त्याचं नाव घेत नाही. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास मला सर्दी झाली, रात्री खोकला लागायचा, म्हणून तिकडे गेले. ‘नवीन मशीन आलंय, श्वासातून सूज कळते’ म्हणाले. आधी जोरजोरात फुंकायची स्पायरोमेट्री केली, म्हणजे फुफ्फुसातून हवा किती आणि किती वेगाने निघते ती तपासणी, लगेच त्याच खुर्चीत ही टेस्ट. आकडा आला ५८. डॉक्टरांनी कागद बघितला आणि माझ्या स्टिरॉइडच्या कॅप्सूलची (यंत्रात घालून तिची पूड श्वासाने ओढायची असते) ताकद दुप्पट लिहून दिली. दोन मिनिटंही लागली नाहीत. मी काय खाल्लंय, सर्दी आहे का, आधीचं औषध घेते का, कसं घेते, कोणीही विचारलं नाही. पुढचे तीन महिने माझा आवाज बसलेला. गिऱ्हाईक डबा ठेवून ‘जाड की बारीक’ विचारायचं आणि मला बोलता यायचं नाही. जिभेवर पांढरे चट्टे आले, जेवण तिखट लागायला लागलं. दम मात्र तसाच. रात्री तीनला उठून लगेच आराम देणारा निळा पंप, पहाटे साडेपाचला पुन्हा निळा पंप.

आता मला कळतंय की त्या दिवशी दुपारी मी पालकाची भाजी खाऊन गेले होते. पवननगरच्या बाजारातली ताजी जुडी, थंडीत पालक छान मिळतो. पालकात, बीटमध्ये नायट्रेट भरपूर असतं आणि त्याने काही तास हा आकडा वर जातो. सर्दीनेही वर जातो. उलट आधी जोरात फुंकून स्पायरोमेट्री केली की थोडा खाली येऊ शकतो. दोन गोष्टी चढवणाऱ्या, एक उतरवणारी. मग त्या ५८ मध्ये माझ्या दम्याचे किती, हे कोण सांगणार? तरी त्यावरून औषध दुप्पट झालं होतं. मला राग ह्याचा आहे. मशीनचा दोष नव्हता, विचारायला कोणी तयार नव्हतं.

एप्रिलमध्ये माझ्या नणंदेच्या सांगण्यावरून ह्या क्लिनिकला आले. पवननगरहून त्रिमूर्ती चौक, आयटीआय सिग्नल, एबीबी सर्कल, महात्मानगर, जेहान सर्कल असं गाडीवर पंचवीस मिनिटं. दुसरा मजला, लिफ्ट आहे, आणि दम्याच्या माणसाला लिफ्ट चालू असणं किती मोठी गोष्ट आहे हे ज्याला दमा आहे त्यालाच कळेल. काउंटरवरच्या मुलीने पैसे घ्यायच्या आधी एक छापील कागद पुढे केला. तासाभरात काही खाल्लं-प्यायलं का? काल रात्रीपासून पालक, बीट, मुळा? सिगारेट, तंबाखू? सर्दी-ताप? आज निळा पंप घेतला का, किती वाजता? मी खालच्या टपरीवर चहा घेऊन वर आले होते. ती म्हणाली, ‘काकू, मग तासभर बसावं लागेल. आत्ता केली तर तुमचे पैसे वाया जातील.’ मला बसवून ठेवलं. त्या एका तासाने माझा विश्वास बसला. १४०० रुपये घेऊन पाच मिनिटांत मोकळं करणं त्यांना सोपं होतं.

टेस्टचं नीट सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की हीसुद्धा जोर लावून फुंकायची. अजिबात नाही. आधी श्वास पूर्ण सोडायचा. मग मशीनच्या नळीला ओठ घट्ट लावून त्यातूनच खोल श्वास आत घ्यायचा. मशीन ती हवा गाळून देतं, म्हणजे बाहेरच्या गाड्यांच्या धुरातला वायू मोजणीत येत नाही. मग नळी न सोडता हळूहळू, एका वेगाने, १० सेकंद फुंकायचं. छोट्या पडद्यावर ढगाचं चित्र असतं, ते दोन रेघांच्या मधे राहिलं पाहिजे. जोर लावला की ढग वर पळतो, कमी पडलं की खाली. ठरलेला वेग सेकंदाला ५० मिलिलिटर आहे. वेग बदलला की आकडा बदलतो, म्हणून मशीन चुकीची फुंकर घेतच नाही, पुन्हा करायला लावतं.

मला दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा मी हॉपरचा, म्हणजे गिरणीवरच्या धान्य ओतायच्या पेटीचा, विचार केला. हॉपरमधून गहू एकसारख्या धारेने पडला तरच पीठ एका पोताचं निघतं. लोंढा आला की जाड, धार तुटली की दगडाला दगड घासतो आणि पीठ तापतं. तशी धार धरून फुंकलं, ढग मधोमध राहिला. मिनिटभराने आकडा आला. ७२.

डॉक्टर मॅडमनी तो कागदावर लिहिला आणि हे मोजतात तरी काय, हे मला समजावलं. दम्यात श्वासनळीच्या अस्तराला ॲलर्जीच्या जातीची सूज येते, तेव्हा शरीरातला इंटरल्यूकिन-१३ नावाचा निरोप्या त्या अस्तराच्या पेशींना कामाला लावतो आणि त्या नायट्रिक ऑक्साइड हा वायू जास्त बनवायला लागतात. तो श्वासाबरोबर बाहेर येतो. दातांच्या डॉक्टरकडे देतात तो हसवणारा वायू वेगळा, तो नायट्रस ऑक्साइड. हा वायू माणसाच्या श्वासात असतो हे १९९१ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, आणि दमेकऱ्यांमध्ये तो जास्त असतो हे दोन वर्षांत पुढे आलं. हाच वायू रक्तवाहिन्यांना निरोप पोचवतो हे शोधल्याबद्दल १९९८ चं नोबेल तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना मिळालं होतं.

आकडा ‘पीपीबी’मध्ये असतो, म्हणजे १०० कोटी भागांत किती भाग. मी घरी आल्यावर हे गव्हात मांडून बघितलं. हजार दाण्यांचं वजन साधारण ४० ग्रॅम भरतं. म्हणजे १०० कोटी दाणे झाले ४०० क्विंटल, ५० किलोच्या ८०० गोण्या. त्या ८०० गोण्यांत ७२ दाणे वेगळे. तेवढे दाणे माझ्या चिमटीत मावतात. ते शोधणारं यंत्र तळहाताएवढ्या पडद्याचं आहे, आणि म्हणूनच एक वाटी पालकाच्या भाजीने त्याचा हिशेब बिघडतो. हे कळलं तेव्हा तो काउंटरवरचा तास मला पटला.

मोठ्या माणसांत साधारण २५ च्या खाली कमी, ५० च्या वर जास्त, मधलं बाकीचं सगळं बघून ठरवायचं. लहान मुलांत ह्याच पायऱ्या २० आणि ३५ आहेत.

७२ म्हणजे जास्त. आणि मी तर आधीच दुप्पट ताकदीच्या औषधावर. मला वाटलं आता ह्या अजून वाढवणार, नाहीतर गोळ्या देणार. मॅडमनी विचारलं, ‘तुमची कॅप्सूल माझ्यासमोर घेऊन दाखवा बरं.’

मी पिशवीतून यंत्र काढलं, कॅप्सूल घातली, फिरवली आणि नेहमीसारखा हळू, लांब श्वास घेतला. मला वाटायचं सावकाश घेतलं की औषध नीट मुरतं. त्यांनी यंत्र हातात घेतलं, उघडलं, फुटलेल्या कॅप्सूलचे दोन्ही भाग काळ्या कागदावर आपटले. पांढरी पूड पडली. माझ्यासारख्या बाईला पिठाचा ढीग बघून अंदाज येतो. निम्म्याहून जास्त तिथेच होतं. पुडीचं यंत्र जोरात, झटक्यात ओढावं लागतं, कारण पूड उचलायचं काम आपल्याच श्वासाचं असतं. ज्या पंपातून फवारा येतो तो उलट सावकाश ओढायचा. ९ वर्षांत मला हा फरक कोणी सांगितला नव्हता.

मग त्या म्हणाल्या, ‘डबीत ३० कॅप्सूल असतात. रोज दोन म्हणजे पंधरा दिवस. तुमची डबी किती दिवस पुरते?’ मी खरं सांगितलं. महिना-सव्वा महिना. तोंड आल्यापासून मी चुकवत होते, दम लागला की निळा पंप घ्यायचे, तो लगेच बरं वाटवतो. त्या रागावल्या नाहीत. निळा पंप श्वासनळीभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करतो, आतली सूज त्याने उतरत नाही. म्हणून २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात की मोठ्यांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. तुमची सूज औषध कमी पडल्यामुळे आहे की औषध आत पोचतच नाही म्हणून, हे आधी बघू, म्हणाल्या.

आणि त्यांनी औषध निम्मं केलं. ७२ आकडा असताना निम्मं! कॅप्सूल बंद, त्याऐवजी फवाऱ्याचा पंप आणि त्याला जोडायचा पोकळ नळा, म्हणजे स्पेसर, सकाळ-रात्र, नंतर खळखळून गुळण्या. घरी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजायची नळी, रोज सकाळी तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. एका ठरावीक आकड्याखाली गेला किंवा निळा पंप वारंवार लागला तर वाट न बघता फोन करायचा. स्पेसरमध्ये माझा श्वास कसा जातो हे तिथल्या मुलीने तीनदा करून घेतलं.

एक महिन्याने मे महिन्यात दुसरी फुंकर. ३१.

तो आकडा बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. निम्मं औषध, आणि सूज निम्म्याहून खाली. आवाज परत आला होता, जीभ स्वच्छ झाली होती. जानेवारीपासून मी जे सोसलं ते औषध कमी होतं म्हणून नव्हतं. पुन्हा वाढवलं असतं तर मी तेही चुकीचंच ओढलं असतं. स्टिरॉइड नीट पोचलं की हा आकडा काही दिवसांत खाली येतो, म्हणून औषध नियमित घेतलं जातंय की नाही ह्याची परीक्षा म्हणूनही ही टेस्ट वापरतात, हे मॅडमनी तेव्हा सांगितलं. मी म्हणेन, ज्या दमेकऱ्याचं औषध सारखं वाढत चाललंय त्याने पुढची पायरी चढायच्या आधी एकदा तरी हे करून बघावं.

तिसरी आणि चौथी फुंकर मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जूनमध्ये आईच्या आजारपणात मी कळवणला माहेरी १५ दिवस होते. औषध तेच, दोन्ही वेळ, एकही चुकवला नाही. परतल्यावर गिरणीत पाऊल टाकायच्या आधी थेट क्लिनिकला आले, कारण मॅडमनीच तसं सांगून ठेवलं होतं. १८. मग महिनाभर नेहमीसारखी गिरणी. औषध तेच. ४१.

मधे काय बदललं? फक्त पीठ.

त्या दिवशी मॅडम माझ्याशी अर्धा तास बोलल्या, बाहेर रांग असताना. पिठाची धूळ हे कामामुळे होणाऱ्या दम्याचं जगभरात ओळखीचं कारण आहे. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर लिहिताना गिरणीवाले आणि पाववाले ह्यांच्या धापेबद्दल लिहून ठेवलं आहे. तीनशे वर्षांपूर्वीची ती गिरणीवाली माणसं माझ्यासारखीच तोंडाला फडकं बांधत असतील, हे ऐकून मला आत कुठेतरी हललं. माझ्या सासऱ्यांनाही शेवटी धाप होती. आम्ही ती वयाची समजलो. रक्ताची तपासणी केली, त्यात गव्हाच्या विरोधातली प्रतिद्रव्यं आली. नुसत्या श्वासाच्या आकड्यावरून कामाचा दमा ठरवत नाहीत, तो त्यातला एक धागा, असं मॅडमनी दोनदा बजावलं.

‘गिरणी बंद करा’ असं त्या म्हणाल्या नाहीत. आमचं पोट त्यावर आहे हे त्यांना कळत होतं. काम कसं करता ते एकेक विचारलं. पीठ पडतं त्या तोंडाला आमचा कापडी नळा फाटलेला होता, वर्षभर तसाच. तो नवा शिवला, जाड मांजरपाटाचा, डब्याच्या काठाला दोरीने आवळता येईल असा. मागच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवला. दिवसाच्या शेवटी मी कोरड्या केरसुणीने झाडायचे, तेव्हा सगळी गिरणी पांढरी व्हायची. आता ओल्या फडक्याने पुसतो. हॉपरमध्ये धान्य ओतणं आणि दगडाला टाकी लावणं आमचे हे करतात, मी वजन, पैसे आणि डबे बघते. आणि एन-९५ मास्क. ओढणी नाकाला बांधून काही उपयोग नाही, बारीक पीठ तिच्यातून आरपार जातं. सगळं मिळून नऊ हजारांच्या आसपास खर्च आला. पुन्हा गंगापूर रोडला गेले नसते तर हा खर्च केला नसता, ४१ आल्यावर एक पायरी वरचा पंप सुरू झाला असता आणि नळा फाटकाच राहिला असता.

पाचवी फुंकर दिवाळीच्या आधीची. भाजणीची गर्दी, रात्री अकरापर्यंत गिरणी, शेजारच्या डंखावर मिरची कांडप. मला पुन्हा खोकला, छाती जड, रात्री आडवं झालं की धाप. मी घाबरले. मला वाटलं झालं, परत तिथेच. टेस्ट केली तर २१.

इथे मला क्लिनिकचं खरं कौतुक आहे. आकडा कमी आला म्हणून ‘काही नाही, मनाचं आहे’ म्हणून घरी पाठवलं नाही, आणि मला त्रास होतोय म्हणून डोळे मिटून स्टिरॉइडही वाढवलं नाही. सूज वाढलेली दिसत नाही, मग धाप कशाची, हे शोधत बसले. छाती तपासली, स्पायरोमेट्री केली, जेवणाच्या वेळा विचारल्या. रात्री साडेअकराला जेवून बाराला आडवी, दिवसभर चहा, फराळाचं चाखणं. आंबट पाणी घशाशी येत होतंच, मी त्याचा दम्याशी संबंध लावला नव्हता. पित्ताचं औषध तीन आठवडे, उशाकडची बाजू उंच, जेवण नऊच्या आत, आणि मिरची दळताना मी पुढच्या दुकानात जाऊन बसायचं. मिरचीचा ठसका ॲलर्जीची सूज न आणताही नळी आवळू शकतो. दिवाळीच्या पाडव्याला मी पहिल्यांदा रात्रभर सलग झोपले.

सहावी ह्या फेब्रुवारीत, २३. २१ आणि २३ मधला फरक फरकच नाही. ५० च्या खालच्या आकड्यांत साधारण १० चा बदल झाला तर तो धरायचा. तीन महिन्यांहून जास्त दिवस निळा पंप जवळजवळ लागला नव्हता, म्हणून औषध अजून एक पायरी उतरवलं. बंद केलेलं नाही. हे ठळक सांगते, कारण आमच्याकडे दळणाला येणारे एक दादा, अंबडला कंपनीत कामाला आहेत, कुठेतरी टेस्ट करून आले, १२ आकडा आला म्हणून त्यांनी पंप सोडला आणि आठ दिवसांत रात्री ॲडमिट व्हावं लागलं. ते दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढतात. सिगारेटने हा आकडा खाली येतो. शिवाय काही लोकांचा दमा ह्या जातीचा नसतोच, त्यांचा आकडा कमी राहतो आणि दमा मात्र खरा असतो. कमी आकडा म्हणजे औषध थांबवायचा परवाना नाही. मी त्यांना ह्याच क्लिनिकचा पत्ता दिला.

ही टेस्ट सगळ्यांनीच सारखी करत राहावी असंही माझं म्हणणं नाही. मी मॅडमना सरळ विचारलं, कारण सहा वेळचे ८,४०० रुपये आमच्यासाठी थोडे नाहीत आणि आमचा विमा बाहेरच्या तपासण्यांना पैसे देत नाही. त्यांनीही सरळ सांगितलं. आकडा बघून औषध ठरवल्याने दम्याचे झटके कमी होतात असं २०१६ च्या मोठ्या आढाव्यांत दिसलं, रोजच्या त्रासात मात्र फारसा फरक दिसला नाही. ऑस्ट्रेलियात गरोदर बायकांमध्ये २०११ साली चांगला उपयोग दिसला. ब्रिटनमधल्या मुलांच्या २०२२ च्या अभ्यासात मात्र त्रास विचारून औषध देण्याच्या जोडीला हा आकडा धरूनही झटके कमी झाले नाहीत. म्हणजे ज्याचा दमा शांत आहे, औषध नीट चाललंय, त्याला दर महिन्याला फुंकायची गरज नाही. माझं कोडं न सुटलेलं होतं आणि मी रोज पिठात उभी असते, म्हणून माझी एवढ्या वेळा झाली. आता वर्षातून एकदा-दोनदा पुरे.

माझ्या डोक्यात ते गिरणीच्या भाषेत बसलं आहे. पीठ डब्यात पडताना आम्ही सारखं चिमटीत धरून बघतो, अंगठ्याने चोळतो. गरम लागतंय का, खरखरीत आहे का. गिऱ्हाइकाची भाकरी चिरल्यावर कळण्याआधी आम्हाला चिमटीत कळतं. पण चिमटीत गरम लागलं म्हणून लगेच दगड बदलत नाही. धान्य ओलं आहे का, धार कमी पडते का, टाकी बोथट झाली का, सगळं बघतो. पहिल्या दवाखान्याने चिमूट बघितली आणि थेट दगड बदलला. इथे धान्यापासून सगळं बघितलं.

उणं काय ते लिहिते. थांबावं फार लागतं. वेळ साडेअकराची दिली तर एक वाजतो, आणि काही खायचं-प्यायचं नाही म्हणून तहानलेलं बसावं लागतं. टेस्ट वेळेवर घेऊन मग डॉक्टरांसाठी थांबवलं तर बरं होईल. रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत. माझ्या सासूबाईंच्या वयाची माणसं तिथे रिपोर्ट उलटा-सुलटा बघत बसतात; आकडा आणि त्याच्या तीन पायऱ्या मराठीत छापायला काय हरकत आहे? काउंटरवरचा प्रश्नांचा कागद मराठीत आहे, तो फार चांगला आहे, पण तो आल्यावर हातात देतात. फोनवर वेळ देतानाच वाचून दाखवला तर कोणी चहा पिऊन, पालक खाऊन येणार नाही. गाडी लावायला खाली जागा नाही, रस्त्यावर लावावी लागते. आणि रिपोर्टवर त्या दिवशी सर्दी होती का, पंप किती वाजता घेतला, हे लिहिलेलं नसतं. ते मी माझ्या वहीत आकड्याशेजारी लिहिते. तुम्हीही लिहा, दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर तेच कामाला येईल.

जाताना तुमचे सगळे पंप, यंत्र, स्पेसर पिशवीत घालून न्या. मॅडम करून दाखवायला लावतातच. सर्दी असेल तर फोन करून तारीख पुढे घ्या, बदलून देतात, पैसे कापत नाहीत. आदल्या रात्री पालक नको, बीटची कोशिंबीर नको. स्पायरोमेट्रीही असेल तर ‘आधी फेनो’ असं स्वतः विचारून घ्या. इथे तसंच करतात, पण सगळीकडे करतात असं नाही.

माझी पुढची तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारची घेतली आहे, भाजणी सुरू व्हायच्या आधी. सोमवारी गिरणी बंद असते. आमच्या ह्यांनाही ह्या वेळी बरोबर नेणार आहे. धान्य आता ते ओततात, आणि महिनाभरापासून पहाटे खोकतायत.